एकोणिसावी काडी

त्या दिवशी काडीताईला समोरचं काहीही दिसत नव्हतं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. तोंडावर मास्क, नाकावर चष्मा... श्वास सोडला की काचांवर धुकं! काड्यांचं खोकं छातीशी धरून ती शाळेच्या लांबलचक व्हरांड्यातून अंदाजाने चालली होती. अंदाज चुकला आणि खोकं कुणावर तरी आपटलं.

"सॉरी हं काका, दिसलं नाही."

"काका?" समोरचा आवाज हसला. "अहो, आत्ता कुठे एकतिसावं लागलंय मला. द्या बघू तो चष्मा इकडे."

अनोळखी माणसाला असा चष्मा काढून देतं का कुणी? तिने दिला. त्याने खिशातून बोटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, नाकावरच्या पॅडचा स्क्रू आवळला, काचा मऊ कापडाने पुसल्या आणि चष्मा परत केला. "मास्कची वरची कड याच्याखाली नीट दाबून बसवा. मग धुकं नाही धरणार."

चष्मा डोळ्यांवर चढला आणि तिला आधी दिसले ते त्याचे डोळे. मास्कच्या वर माणसाचं तेवढंच काय ते दिसतं. पण याचं तेवढंच पुरेसं होतं... नको तितकं पुरेसं.

तो चौकातला चष्मेवाला, तिसरीतल्या बिट्टीचा मामा. बिट्टीची आई जहाजावर नोकरीला, म्हणून यंदापासून ती मामाकडे आणि आजोबांकडे राहायला आली होती. आणि काडीताई म्हणजे आरोग्य खात्याची नर्स. साथ पुन्हा डोकं वर काढू लागल्यावर खात्याने ठरवलं होतं, की शाळेत मुलांची आठवड्यातून दोनदा तपासणी करायची, पण ज्यांच्या घरून संमतीपत्र येईल त्यांचीच. नाकात काही खुपसायचं नाही. कापूस लावलेली काडी मुलाने अर्धा मिनिट चघळायची, झालं. काडी कशी चघळायची ते दाखवायला ती वर्गांत गेली, त्याच दिवशी मुलांनी तिचं बारसं करून टाकलं होतं. काडीताई!

त्या दिवशी पालकांची सभा होती आणि सभेत सगळ्यांची तोंडं सात दिशांना.

"रोज उठून पोरांच्या तोंडात काड्या घालायच्या म्हणजे काय? पोरं आहेत की उंदीर?" बस चालवणारे एक वडील कडाडले.

"माझ्या घरी चार महिन्यांचं बाळ आहे," बेकरीवाली आई म्हणाली. "आठवड्यातून दोनदा कसली, रोज करा. मी सही करते."

"आणि निघालं काही, तर वर्ग घरी बसणार. मग आम्ही कामावर कसं जायचं? की पोराला कुलपात ठेवून जायचं?"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलावर पेन आपटून आपटून थकल्या. चष्मेवाला मात्र शेवटच्या बाकावर गप्प बसून होता. सभा संपल्यावर काडीताईने संमतीपत्रं गोळा केली, तर त्याच्या कागदावर 'हो'चा चौकोन रिकामा, 'नाही'चाही रिकामा.

"हे काय? पेन संपलं का?"

"धीर संपला." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "बाबांची फुप्फुसं अधू आहेत. मागच्या साथीत बावीस दिवस ऑक्सिजनवर होते. घरात पुन्हा हे आलं तर... म्हणून 'हो' म्हणायला हवं. पण बिट्टी या शाळेत नवी. चार महिन्यांनी तिला कशीबशी एक मैत्रीण मिळालीय. आधीच्या शाळेत एका मुलाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तो बरा झाल्यावरही पोरं त्याच्या शेजारी बसेनात. बिट्टीचं असं झालं तर ती मैत्रीणही जाईल."

काडीताईने खोकं खाली ठेवलं. "ऐका. पूर्ण वर्गाच्या काड्या एकाच नळीत जातात. कुणाची कुठली, मलाही सांगता येत नाही. नळीत काही निघालं, तरच एकेकाची वेगळी तपासणी, आणि तो निकाल फक्त घरी कळतो. वर्गात कुणाचंही नाव घेतलं जात नाही. माझा शब्द."

तो तिच्याकडे बघत राहिला. "शब्द दिलात म्हणून सही करतो. पण उद्या मी तिच्यासोबत येणार. घाबरट आहे ती."

"ती की मामा?"

"दोघंही," तो म्हणाला. काडीताई घरी जाईपर्यंत उगाचच हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात अठरा मुलं रांगेत उभी राहिली. बिट्टीने ओठ असे घट्ट मिटले होते, की काडी काय, सुईसुद्धा आत गेली नसती.

"मामाने आधी केली तर?" चष्मेवाल्याने खोक्यातून एक काडी उचलली, मास्क खाली केला आणि डोळे मिटून अशी चघळली, जणू काही जन्मात एवढं गोड काही खाल्लंच नव्हतं. वर्ग खिदळला. बिट्टीने तोंड उघडलं.

आणि इथेच घोळ झाला. त्याच्या हनुवटीवर एक छोटीशी खळी होती. मास्कमुळे ती काडीताईला आजवर दिसली नव्हती, आता दिसली. त्याने काडी पुढे केली. तिने रोजच्या सवयीने नळीचं झाकण उघडलं, काडी आत टाकली आणि झाकण लावलं. नजर मात्र खळीवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून रिपोर्ट आला, तिसरीची नळी पॉझिटिव्ह.

मग काय, एकच हलकल्लोळ. वर्ग घरी बसला, अठरा मुलांची वेगवेगळी तपासणी झाली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे निकाल हाती आले. अठराच्या अठरा निगेटिव्ह! काडीताईला वाटलं, पालक पेढे वाटतील. कसले पेढे! शाळेचा फोन तापला. "म्हणजे तुमची काडीच खोटी!" "माझा एक दिवसाचा पगार गेला, कोण देणार?" चौदा जणांनी संमती मागे घेतल्याचं कळवलं. मोठ्या बाई कपाळ चोळत म्हणाल्या, "उद्या सभा घेते. बहुतेक हे सगळं बंदच करावं लागणार."

काडीताईने रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. सकाळी तिने फक्त लाल अक्षरातला शब्द पाहिला होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नळीतले नमुने: एकोणीस.

मुलं अठरा. काड्या एकोणीस.

ती खळी, ते उघडं झाकण... सगळं लख्ख आठवलं. एकोणिसावी काडी त्याची होती. आणि त्याच्या घरात अधू फुप्फुसांचे आजोबा होते.

छत्री घ्यायचंही तिला सुचलं नाही. बारीक पाऊस पडत होता, त्यातूनच ती चौकापर्यंत धावत गेली. तो दुकान बंद करत होता. दारातच तिने हात वर केला. "थांबा! बाहेर येऊ नका. वर घरातही जाऊ नका."

"आज काकासुद्धा नाही म्हणालात?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं.

तिने सगळं सांगितलं. चूक कुणाची, हेही सांगितलं. त्याने निमूटपणे तपासणी करून घेतली. तो पॉझिटिव्हच निघाला. ना ताप, ना खोकला, ठणठणीत माणूस! बिट्टीची आणि आजोबांची तपासणी निगेटिव्ह आली, पण काडीताईने खरं तेच सांगितलं. "आजचा निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. आजोबांची पुन्हा तिसऱ्या दिवशी करू, आणि पाचव्या दिवशी. पाचवा निगेटिव्ह आला, की मी म्हणेन सुटलो."

"परवा रात्री मी बाबांच्या पाठीला तेल चोळलं होतं," तो म्हणाला. "तासभर." एवढं बोलून त्याने दुकानाचं काचेचं दार आतून लावून घेतलं. त्याचा मुक्काम आता दुकानातल्या बाकावर.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत काडीताई उभी राहिली. "काडी खोटी नव्हती. चूक माझी होती. एका मोठ्या माणसाची काडी मुलांच्या नळीत गेली. टाकताना माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं? मग कुठे होतं?" बेकरीवाल्या आईने अगदी साधेपणाने विचारलं.

काडीताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काय सांगणार? तेवढ्यात टेबलावरचा मोठ्या बाईंचा फोन बोलू लागला. चष्मेवाल्याने आपल्यालाही सभेत बोलायचंय असं कळवलं होतं, म्हणून त्यांनी स्पीकर चालू ठेवला होता, हे ती पार विसरली होती!

"मी बिट्टीचा मामा. ती काडी माझी. मला काहीही होत नव्हतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकाशी नाक लावून डोळे तपासत होतो. ही चूक झाली नसती, तर मी वर जाऊन रोज बाबांच्या शेजारी बसून जेवलो असतो. माझं नाव खुशाल सांगा सगळ्यांना, पोरांचं मात्र कुणाचंच सांगू नका. आणि ताईंचं लक्ष कुठे होतं ते... ते मलाही ऐकायचंय."

सभागृह असं हसलं, की मोठ्या बाईंनासुद्धा पदर तोंडाला लावावा लागला. बसवाल्या वडिलांनी घसा खाकरला. "एकोणीस काड्यांत एक होती आणि तीही पकडली म्हणता? मग खोटी कशी... आणा तो कागद. पण वर्ग घरी बसवायचा तर आदल्या संध्याकाळी कळवा. सकाळी सातला नाही." मोठ्या बाईंनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. चौदातले अकरा परत आले. उरलेले तिघं नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले, आणि कुणी त्यांना टोकलं नाही.

पुढचे दिवस काडीताई रोज काम संपवून दुकानाशी जायची. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, दोघांच्या कानाला फोन.

"जेवलात का?"

"बिट्टी दोरीने डबा सोडते वरून. आज डब्यात चिठ्ठी होती, 'मामा, तू कंटाळवाणा नाहीस ना झालास?'"

"झालात का?"

"तुम्ही येईपर्यंत होतो."

ती काचेवरचे थेंब बघत राहायची. हसून घ्यायचं, घरी जायचं आणि मग आजोबांच्या काळजीने झोप उडायची, असा तिचा दिनक्रम झाला. आजोबांना काही झालं, तर हा माणूस स्वतःला माफ करणार नाही, हे तिला कळत होतं. तिसऱ्या दिवशीचा निकाल निगेटिव्ह आला, तरी तो म्हणाला, "अजून पाचवा आहे." आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तिने आजोबांची काडी स्वतः लॅबमध्ये नेली आणि निकाल येईपर्यंत तिथल्या लाकडी बाकावर बसून राहिली. कागद हाती आल्यावर तिने तो दोनदा वाचला, बारीक अक्षरांसकट. मग भर रस्त्यातून नर्सच्या गणवेशात धावत सुटली. लोक थांबून बघत होते. बघू देत!

तो काचेशीच उभा होता. तिला धावताना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोन काढायलाही वेळ न घालवता तिने कागद काचेवर चिकटवून धरला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तो तिथेच फरशीवर बसला, दोन्ही हातांत तोंड घेऊन. खांदे गदगदत होते. हसतोय की रडतोय, काही कळेना. काडीताईही अलीकडे पायरीवर टेकली. एवढ्या दिवसांचा श्वास तिने आत्ता कुठे सोडला. चष्म्यावर धुकं धरलं आणि ते पुसायचंही तिच्या मनात आलं नाही. वरच्या खिडकीतून आजोबा ओरडत होते, "काय गं, काय झालं? मी आहे ना अजून?"

"आहात!" ती ओरडली. "चांगले आहात!"

तिचा फोन वाजला. काचेपलीकडून त्याचा घोगरा आवाज आला. "तुम्ही रडताय?"

"मग काय करू? पाच दिवस देव पाण्यात घालून बसलेय मी."

तो अगदी हळू म्हणाला, "सगळ्या पेशंटसाठी घालता का हो?"

"नाही," काडीताई म्हणाली. "नोकरीत एवढी वर्षं झाली... ही पहिलीच वेळ."

"माझे अजून दोन दिवस उरलेत इथे."

"माहीत आहे. मीच लिहिलेत."

"संपल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे येणार. बाबांना सांगितलंय तसं. ते म्हणाले, वेळ लावू नकोस, त्या पोरीला धावायची सवय आहे."

ती खळखळून हसली आणि तिने तळहात काचेवर टेकवला. पलीकडून त्याने आपला टेकवला.

"या," ती म्हणाली. "मी घरीच असेन."