आधी विचारायचं होतं

"मार्सिलियस असं म्हणतच नाही."

लॉ कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मित्रांना परीक्षेचा प्रश्न समजावणारा सत्यम थांबला. पलीकडच्या टेबलावरून त्याच्याच वर्गातली, पडेगावची अंबिका कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"कायदा म्हणजे राजाचा हुकूम, असं तू सांगतोस. त्या इटालियन विचारवंतानं सातशे वर्षांपूर्वी उलट सांगितलंय. ज्यांना कायदा पाळायचाय, त्या लोकांनीच तो करायचा."

"मग शिकव की..." तो हसला. "रागावून शिकवलंस तरी चालेल."

ती रागावूनच शिकवत गेली. कॉलेजातल्या लिंबाच्या पारावर, अर्ध्या-अर्ध्या चहावर. तो मुद्दाम चुकायचा, ती डोळे वटारायची... आणि त्या डोळ्यांत हसू कधी येऊन बसलं, तिलाही उमगलं नाही.

मग एका दुपारी ती घरी आली, तर तिचे वडील मुंजाबा मेंढरं सोडायची विसरून पेढ्याचा पुडा घेऊन बसलेले.

"वैजापूरहून सत्यमचे चुलते आले होते, तात्यासाहेब. परजातीची सून करायला राजी झाले बघ. फक्त वकिली करायची नाय म्हणले. मी व्हय म्हणलो."

अंबिका चपला न काढताच माघारी फिरली. सत्यम पारावरच सापडला.

"तुला माहीत होती ती अट?"

"लई मुश्किलीनं राजी केलं गं त्यांना. एवढं तर—"

"एवढं? वकिली माझी, लग्न माझं, आणि ठरवलं तुम्ही तिघांनी. मी कुठं होते?"

"मला वाटलं, तुला आनंद होईल..."

"वाटलं. विचारलं नाय." ती जायला वळली. "माझ्यावर हुकूम चालणार नाय, सत्यम. तुझ्या प्रेमाचासुद्धा."

पुढं कितीतरी दिवस तिनं त्याचा फोन उचलला नाही.

एका रविवारी तो एकटाच पडेगावला आला. मुंजाबांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"मामा, ती अट मी मोडली. तात्यासाहेब लई भडकले, घरी येऊ नको म्हणले." मग तो बाजेवर बसलेल्या अंबिकेकडं वळला. "तुला आधी विचारायचं होतं. आता विचारतो... लग्न करशील माझ्याशी?"

"आज नाय सांगणार."

"मग कधी?"

"आधी मला वकील होऊ दे. मग तू आणि मी समोरासमोर बसून ठरवू. दोघांना पटलं तर ठीक. नाहीतर तू तुझ्या वाटेनं."

"अजून राग गेला नाय?"

"नाय," ती म्हणाली, आणि बाजेवर जराशी सरकून तिनं त्याला बसायला जागा करून दिली.