रंगाचे बेचाळीस हजार हात

मुकुंद घाग बसमध्ये चढला तो तोंड चालवतच चढला.

"कोणी रंगवली ही गाडी? खाली प्रायमर नाय, भेगांत लांबी भरलेली नाय, नुसता रंग ओढलाय. दोन पावसाळे काढील, तिसऱ्याला पोपडे सुटतील. सरकारचं काम!"

बस म्हणजे सरकारची फिरती स्मृती-प्रयोगशाळा. आंबसर गावच्या शाळेच्या पटांगणात कालपासून उभी होती. आत थंडगार हवा, एक आरामखुर्ची, तिच्यावर लोंबणारं एक टोपडं आणि समोर भिंतीभर पडदा. त्या टोपड्याचं सरकारी नाव स्मृतिलेखक. ते घालून माणूस आठवायला लागला की त्याच्या डोक्यात जे उठेल ते पडद्यावर दिसायचं. कोर्टात आणि जनसुनावणीत अशी साक्ष चालायला लागून आता नऊ वर्षं झाली होती.

आंबसरची सुनावणी परवावर आली होती. गावाबाहेरचा रंगाचा कारखाना तीस वर्षं बंद पडून होता, तो कंपनीला पुन्हा सुरू करायचा होता. प्रश्न एकच होता. मागच्या वेळी या कारखान्यानं पऱ्याचं पाणी नासवलं होतं की नाही? पऱ्या म्हणजे गावातनं वाहणारा ओढा. जुने कागद कंपनीच्या गोदामाला आग लागून गेले, ते नेमके कसे गेले ते कंपनीलाच ठाऊक. उरली होती म्हाताऱ्यांची डोकी.

मुकुंद सत्तरीचा. चौथीनंतर शाळा सुटली आणि ब्रश हातात आला. ट्रक, देवळं, होड्या, शाळेच्या भिंती, काय रंगवायचं ठेवलं नव्हतं. पण गावात त्याला ओळखायचे ते गोष्टीमुळं. धाकट्या भावाची, पिंट्याची गोष्ट. चहा आला की गोष्ट आली.

"बसा नाना," डॉक्टर तेजल आंबर्डेकर म्हणाली. पस्तिशीची बाई, बोलायला सरळ. यंत्रावर तिचा जोडीदार फिरोज मुकादम.

मुकुंदनं डोळे मिटले. पडद्यावर पऱ्या आला. पाणी लालभडक. आठ वर्षांचा मुकुंद पाच वर्षांच्या पिंट्याचा हात धरून ओढतोय, "पिऊ नको रे, विष हाय!" पिंट्या हात सोडवून पळतो. मग कंपनीचं गेट. बाप मुठी आवळून ओरडतोय आणि आतला साहेब त्याला धक्के मारून हाकलतोय. मग घर, चटई, आणि चटईवर पिंट्या.

मुकुंदनं टोपडं काढलं. "झालं? घ्या लिहून. चौथ्या दिवशी गेला पोर."

तेजलनं फिरोजकडे बघितलं. "थर किती?"

"बेचाळीस हजार, मॅडम. वर थोडे."

"ही साक्ष धरता येणार नाही, नाना."

"काय?"

"ऐका. आठवण काय पेटीत ठेवलेला फोटो नसतो. दर वेळी बाहेर काढली की ती ओली होते आणि सहा तास ओली राहते. तेवढ्यात तुमच्या मनात जे असेल ते तिच्यात मिसळतं. तुमचा राग, कुणी मधेच टाकलेला शब्द, तुम्ही रंगात येऊन वाढवलेलं काही. मग सगळं एकत्र वाळतं. पुढच्या खेपेला तुम्ही काढता ती ही नवी वाळलेली. मूळची नव्हे. प्रत्येक वाळण्याचा मेंदूत एक थर राहतो आणि तो आम्हाला मोजता येतो."

"म्हणजे रंगाचा हात."

"हात?"

"भिंतीला एकदा रंग मारला की एक हात मारला म्हणतो आम्ही."

"तसंच. फक्त इथं खालचा रंग थोडा विरघळून वरच्यात येतो."

"बासष्ट वर्षं," फिरोज आकडेमोड करत म्हणाला, "दिवसाला जवळजवळ दोनदा. नाना, तुम्ही एक दिवस खाडा केला नाहीत."

मुकुंदला खालच्या वाडीचं देऊळ आठवलं. तीस हात चढलेली मूर्ती त्यानं खरवडायला घेतली होती. रंग कुठं संपतो आणि नाक कुठं सुरू होतं ते कळेना, म्हणून घाबरून सोडून दिली होती. तीस हात. इथं बेचाळीस हजार.

"मग मी खोटारडा?" तो उठून उभाच राहिला. "बासष्ट वर्षं मी खोटं बोललो?"

"तसं नाही म्हणत मी. तुमच्यात भिंत किती आणि रंग किती हे मला सांगता येत नाही. कायदा पाचशे थरांपर्यंतच साक्ष धरतो."

"आणि बाकीची म्हातारी? त्यांचं काय निघालं?"

तेजलनं तोंड फिरवलं. फिरोजला राहवलं नाही. "बावीस जणांनी साक्ष दिली. सगळ्यांचा पऱ्या काचेसारखा स्वच्छ. तळाचे गोटे दिसतात, मासे दिसतात. थर शंभर-सव्वाशे. सगळ्या साक्षी नियमात."

"दगडू खेराडेनं पण?"

"हो."

"त्याच्या पायाची सालं निघायची! माझ्या डोळ्यांदेखत!" मुकुंदनं टेबलावर हात आपटला. मग त्याला उमगलं. "ते केंद्र."

पंचायतीच्या जुन्या हॉलात कंपनीनं दोन वर्षांपासून सुखस्मृती केंद्र चालवलं होतं. दर रविवारी म्हाताऱ्यांना चहा, गरम भजी, आणि डोक्याला मऊ पट्टा. 'चला, आपल्या साध्या-सोप्या बालपणात जाऊ या.' आधी म्हणायचे, पऱ्या आठवा. मग समोर चित्र लावायचे: झुळझुळ पाणी, मासे, हसणारी पोरं. माणसं डोळे पुसत बाहेर यायची. किती साधं होतं ना सगळं! मुकुंदला त्या शब्दाचाच तिटकारा होता. साधं कुणाला होतं? तो एकदाही आत गेला नव्हता.

"आठवण ओली असताना चित्र दाखवायचं," तेजल म्हणाली. "आठवड्याला एकदा, दोन वर्षं. म्हणजे शंभर. त्यांनी नियम नीट वाचलाय. कायद्यात थर मोजायचे असं लिहिलंय, थर कुणी दिला ते विचारायचं असं लिहिलेलं नाही."

"आणि तुम्ही बसा इथं मोजत! लाज नाय वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "म्हणूनच विचारते. तिथं हजर होतं, आणि आजवर कधीच बोललं नाही, असं कुणी आहे? न काढलेली आठवण कोरी भिंत असते. कमी थरांची साक्ष कायद्यात वरचढ, तशी एक मिळाली तर या बावीस टिकणार नाहीत."

मुकुंद दारात थांबला. असं एकच माणूस होतं आणि त्या माणसाचा त्याला पिंट्याच्या मरणापासून राग होता.

थोरली बहीण, सुलू आक्का, शहात्तर वर्षांची, अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होती. पिंट्या गेला तेव्हा चौदा वर्षांची. त्यानंतर तिनं त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मुकुंदनं गोष्ट काढली की पदर झटकून उठून जायची.

"आक्का, तुला साक्षीला यायचंय."

"मी नाय यायची."

"पिंट्या तुझा कोण नव्हता? मी एकटा बोंबलत ऱ्हायलो. तू दगड हायस गो, दगड!"

"बोलून झालं? पाय काढ, सालं तुडवतोयस."

"माझी साक्ष धरत नायत ते. लय वेळा सांगितली म्हणून. आणि बाकीच्यांना काचेचं पाणी दिसतंय. परवा कारखाना सुरू झाला की पऱ्यात पयलं कोण उतरेल? तुझ्या नातवाची ओवीच ना? किती वर्षांची झाली ती?"

आक्काचा हात थांबला. मग तिनं उरलेली सालं पसरली, एकाला एक चिकटू न देता, अगदी सावकाश.

"पाच," ती म्हणाली. "येते. पण तू बाहेर बिडी फुकत बसायचं नाय. आत बसायचं, पडद्यासमोर. आणि मधी एक शब्द बोलायचा नाय. बोललास की मी उठले."

बसमध्ये आक्काला टोपडं घातलं. फिरोजनं आकडा बघितला, यंत्रावर थाप मारली, पुन्हा बघितला.

"तीन."

"तीनशे?" तेजलनं विचारलं.

"तीन, मॅडम. एक, दोन, तीन."

"माझी तीन पोरं एकेक करून पाच वर्षांची झाली, तेव्हा," आक्का डोळे मिटूनच म्हणाली. "चालू करा."

पडद्यावर पऱ्या आला. पाणी लाल नव्हतं. मोरपंखी होतं. देवळाच्या चौकटीला तो आयुष्यभर न विचारता हाच रंग घोटत आला होता. कुठनं आला हा रंग, असं कुणी विचारलं तर मनातनं, म्हणायचा.

साकवावर, पऱ्यावरच्या छोट्या पुलावर, पोरांची ही गर्दी. "आज मोरपंखी! मी म्हटलं व्हतं, मी म्हटलं व्हतं!" नाचणारा पोरगा मुकुंद होता. काल पिवळा, परवा गुलाबी. पऱ्याला आज कोणता रंग, हे ओळखेल त्याची पयली उडी. खाली बायका जुनी पातळं बुडवून रंगवून घेत होत्या आणि एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. त्यांच्यात आई होती. आई हसत होती. आईचं ते हसणं मुकुंदला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या गोष्टीत आई फक्त रडत होती.

कुणीही रागावलेलं नव्हतं. अख्खा गाव मजेत होता.

मग साकवावर स्कूटर थांबली. पांढरा शर्ट, खिशाला कंपनीचा बिल्ला. पाठीमागं कारखान्याची नळी पऱ्यात तोंड घालून मोरपंखी ओकत होती. बाप पुढं झाला. मुठी नाही, जोडलेले हात. "साहेब, पोरं पितात ओ कधी कधी."

बिल्लेवाला हसला. "पिऊ दे की. जिलबीत घालतात तोच रंग हा. काही होत नाही." आणि खिशातनं गोळ्या काढून त्यानं पोरांत वाटल्या.

बाप खूश झाला. पोरांनी ऐकलं. मुकुंदनं पितळेचा पेला पुढं केला. त्याचा हात पाण्याला पुरेना, म्हणून आक्कानं वाकून भरून दिला.

"पिंट्या, जीभ निळी करून दाखव. आज पयली उडी तुझी!" मुकुंदनं भरलेला पेला त्याच्यापुढं धरला.

पिंट्यानं पेला तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. मग जीभ बाहेर काढली. निळीशार. सगळी पोरं खिदळली आणि सगळ्यांत मोठ्यानं मुकुंद.

फिरोजनं पडदा बंद केला.

आक्कानं टोपडं काढून मांडीवर ठेवलं. "मी बोलले असते तर तुला कळलं असतं," ती मुकुंदला म्हणाली. "तू आठ वर्षांचा व्हतास. ताप आला त्या रात्री तू विचारलंस, मी पाजलं म्हणून का गो? मी म्हटलं, नाय. तू त्याला वढत व्हतास. पिऊ नको म्हणत व्हतास. पयला हात मीच मारला."

मुकुंदला राग आला होता, इतका की कुणाकुणावर तेच समजेना. पेल्यावर, स्वतःवर, बहिणीवर. आणि मग सगळे बाजूला सरून तो राग एकट्या त्या बिल्ल्यावर जाऊन बसला. जिलबीत घालतात तोच रंग! हे वाक्य त्यानंही साकवावर उभं राहून ऐकलं होतं. कंपनी अडकायला ते एकच पुरलं असतं. आणि गेटवरचा खोटा साहेब रंगवता रंगवता, बेचाळीस हजार वेळा, त्यानं आपल्याच हातानं तो खरा बिल्लेवाला बुजवून टाकला होता. केंद्रानं शंभर हात मारले. कंपनीचं मोठं काम त्यानं फुकट केलं होतं.

"साक्ष धरली," तेजल म्हणाली. "नळी आहे, माणूस आहे, बिल्ला आहे. पण नाना, परवा हे सगळ्या गावासमोर लागेल. लहान मुलाचा चेहरा झाकायची सोय आहे नियमात. तुमचा झाकू?"

"झाकू नका." त्याचा आवाज खरवडून निघाला. "मी हसतोय ते दिसू दे सगळ्यांना. मी का हसतोय तेपण दिसू दे. पोराला कुणी सांगितलं व्हतं, ते."

"मग एकच. तुमची आठवणही आता ओली आहे. आत्ता बघितलंत ते तिच्यात जाईल, पण ते वाळेपर्यंत, सहा तास, तुमची जुनी गोष्ट सांगू नका. एकदा जरी सांगितलीत तरी पुन्हा लाल होईल. एक वाजलाय. सात वाजेपर्यंत गप्प."

चहाच्या टपरीवर दगडू खेराडे बसला होता. मुकुंदला बघून बाकावर सरकला. "ये नाना, टेक. परवा सुनावणी हाय म्हणे. काय बघणार ते? आपलं लहानपण म्हणजे सोनं रे. पाणी कसं काचेसारखं! पैसा टाकला तर तळाला दिसायचा."

दगडूच्या दोन्ही पोटऱ्यांवर पांढरे डाग होते, साठ वर्षांपूर्वीचे. मुकुंदनं ते बघितले. लाल पाणी, गेट, मुठी, सगळी गोष्ट जिभेवर तयार उभी होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. त्यानं दात इतके आवळले की कानशिलं दुखली.

"काय रे? बोलत का नायस? चहा मागवू?" दगडू टपरीवाल्याकडे वळला. "नानाची बॅटरी उतरली बघ आज!"

सगळे हसले. मुकुंद चालू लागला.

साकवावर येऊन बसला. खाली पऱ्याचं पाणी पाण्याच्याच रंगाचं होतं आणि ओवी आणि आणखी चार पोरं त्यात डुंबत होती. ऊन उतरलं. घड्याळात साडेसहा वाजून गेले.

ओवी निथळत वर आली, मुठीतली जांभळं एकदम तोंडात कोंबली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"नानाआजा, जीभ बघ!"

मुकुंदनं तिची हनुवटी धरली. घट्ट धरली. मग बोटं सैल केली, खिशातलं रंग पुसायचं फडकं काढलं आणि तिची जीभ पुसली. एकदा, दोनदा, कापडावरचा डाग उजेडात धरून बघितला. जांभळाचा होता. नुसता जांभळाचा.

"बोल की काहीतरी," ओवी म्हणाली.

त्यानं तिला घड्याळ दाखवलं. सात वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती.