रविवारचं झाकण

"हे तू उपटलंस?"

मी ऐटीत हो म्हटलं. इथे परदेशात, वेरिबीच्या कम्युनिटी गार्डनमधला माझा पहिला रविवार, आणि तासाभरात वाफ्याच्या एका कोपऱ्यातलं पिवळ्या फुलांचं सगळं तण काढून मी ढीग लावला होता. खुरपं हातात आलं की आम्हा निफाडकरांना आवरणं कठीण! समोरचा मुलगा मात्र ढिगाकडे बघत मटकन खाली बसला.

तण कसलं… ते मर्नाँग होतं. इथल्या मूळ लोकांचं कंदांचं पीक. बायका काठीने उकरायच्या, मोठे कंद घ्यायच्या, धाकटे परत मातीत ठेवायच्या. पुढे गोऱ्यांच्या मेंढ्यांनी सगळं फस्त केलं. त्याच लोकांमधल्या आंटी जूनने बी जमवून हा वाफा पुन्हा उभा केला होता, आणि सांभाळायला दिला होता या समोर बसलेल्या यतिनकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आंटी रागावली नाही. कंद परत लाव म्हणाली. इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात वर काही दिसणार नाही, जगले तर मार्च-एप्रिलच्या पावसात उगवतील.

"आणि नाही उगवले तर?" मी यतिनला विचारलं.

"तर तुझ्या हातचं खुरपं जप्त." तो हसला नाही, पण डोळे हसले… मला दिसले ना.

मग मी दर रविवारी जाऊ लागले, नुसती माती बघायला. कंद कसा लागतो, तू साताऱ्याहून इथे कसा आलास, कळी मान खाली का घालते — माझे प्रश्न संपेनात. उमलताना करते की वर, तो म्हणायचा, आणि थर्मासमधला चहा पुढे करायचा.

मे उजाडला. बाकीचा वाफा हिरवा झाला, माझ्या कोपऱ्यात मात्र यतिनने अंथरलेल्या वाळक्या गवताखाली सगळं चिडीचूप. नो वरीज, गवत हलवू नकोस, पुढच्या रविवारी बघू, असं यतिन म्हणायचा. मला रडू यायचं. कंद मेले तर कुठल्या तोंडाने इथे यायचं, आणि त्याला कसं भेटायचं?

काल राहवलं नाही. तो पाणी आणायला गेला आणि मी गवत सारलं. अकरा रोपं! बोटभर उंच, टवटवीत.

मागे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"केव्हा उगवली?"

"ईस्टरला." त्याने मान खाली घातली. "आठवडाभर उघडीच असतात. फक्त रविवारी सकाळी झाकतो."

"का?"

"उगवली म्हटलं असतं… तर तू परत आली असतीस?"

भांडायलाच हवं होतं. महिनाभर जीव टांगणीला लावला होता लबाडाने. पण माझा आवाजच चढेना.

"वेड्या," मी म्हटलं, "इतके महिने मी माती बघायला येत होते, असं वाटलं तुला?"

त्याने हळूच मान वर केली.