नोंदणीतले तीन गुडघे

"ताई, मला प्लास्टरच्या खोलीत बसवून ठेवलंय. बाहेर शिपाई उभा आहे. संध्याकाळच्या बैठकीत सही केली नाही तर पोलिसांना बोलावणार म्हणतायत."

फोनवर डॉक्टर पकोर्न होता. आवाज इतका खाली की कुंगला स्वतःचा मोबाइल कानात कोंबावा लागला.

कुंग नोंदणी कार्यालयाची तपासनीस. माणसांवर कुठलाही वैद्यकीय प्रयोग करायचा तर तो आधी तिच्या कार्यालयात जाहीर करावा लागतो: रुग्ण किती, काय मोजणार, कधी मोजणार. नंतर सोयीचं तेवढं ठेवून गैरसोयीचं गाळता येऊ नये म्हणून. ओळखपत्रावर तिचं नाव पिमपिसुत आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळूनही बघणार नाही. कुंग म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा तशीच लाल आणि वाकडी होती म्हणे.

पकोर्ननं तक्रार केली होती, म्हणून ती आदल्या दिवशीच बँकॉकहून थायलंडच्या ईशान्येला, ईसानमध्ये येऊन थडकली होती. ती तडक रुग्णालयात गेली. शिपायानं हात आडवा केला. कुंगनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. हात खाली आला.

खोलीला खिडकी नव्हती. ओल्या प्लास्टरचा वास, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या आणि स्टुलावर पकोर्न. समोर टाइप केलेला कबुलीजबाब.

"काय लिहिलंय त्यात?"

"गुडघ्याच्या नव्या कृत्रिम सांध्याच्या प्रयोगात आम्ही साठ रुग्ण जाहीर केले होते. त्यातले तीन मी मनानं रचले, असं."

"रचलेस?"

"नाही! खामपून, बुआलोय, सोमजित. तिघींची संमती मी स्वतः घेतली. वर्षानं तपासणीला तिघींपैकी कुणीच आलं नाही. मी आमच्या विभागप्रमुखांना, आजानना म्हटलं, शोधूया. ते म्हणाले, आधी त्या आहेत हे तर दाखव."

"संगणकात बघितलंस?"

"त्या नावाचं कुणीच नाही. ओळखक्रमांकांची यादी पुरात भिजली म्हणतात. शस्त्रक्रिया आजानच्या हातची, दिवसाला आठ-दहा. चेहरे कुणाच्या लक्षात राहतात? मी गावातसुद्धा जाऊन आलो, ताई. एकानंही ओळख दाखवली नाही."

"काय विचारलंस गावात?"

"नाव विचारलं. संमतीपत्रावरचं."

"त्यांना घरी काय म्हणतात?"

"ते कशाला विचारू? प्रयोगाच्या कागदांत टोपणनावं चालत नाहीत." त्यानं डोकं हातात धरलं. "सही केली तर डॉक्टरकी जाते. नाही केली तर तुरुंग. आणि खरं सांगू? मलाच आता वाटायला लागलंय, आपणच रचल्या की काय."

कुंगला त्याची दया आली आणि रागही आला. एवढा शिकलेला मुलगा, पण बँकॉकचा तो बँकॉकचाच राहिला.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "मी येईपर्यंत पाणीसुद्धा ह्यांच्या हातचं पिऊ नकोस."

विभागप्रमुख विरोत यांना सगळेच आजान, म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांनी तिच्यासाठी थंड चहा मागवला. माणूस गोड. आवाजही गोड.

"पोरगा हुशार आहे हो," ते म्हणाले. "घाई नडली. साठ भरेनात, म्हणून तीन नावं ठोकून दिली."

"तिघी रुग्ण खरंच हरवल्या असतील तर?"

"हरवायला आधी असायला लागतं. म्हणे सोमजितचा गुडघा तपासायचा राहिला! माझ्या हातचा गुडघा दुखला असता तर बेडकी आजी रडत माझ्याच दारात आली असती ना? इथल्या बायका दुसऱ्या कुणाकडे जातच नाहीत."

"आणि साठाचे सत्तावन्न झाले, ते?"

"खोट्या नोंदी वगळल्या, असं लिहायचं. कंपनी पुढच्या महिन्यात सांधा देशभर आणतेय. एका पोरापायी ते थांबवायचं?"

कुंगनं चहा संपवला, हात जोडले आणि एक पिकअप भाड्यानं घेतली.

गावाच्या तोंडाशी एक बाई उखळात कच्ची पपई कुटत होती.

"सोमजित कुठे राहतात?"

"कोण सोमजित?" मुसळ थांबलं नाही. "परवा तो गोरटा डॉक्टरही हेच विचारत होता. इथे नाही कुणी."

"बरं. आणि बेडकी आजी?"

मुसळ थांबलं. "मग असं सरळ विचारा की! ते काय, चिंचेखालचं घर. कागदावरची नावं कोण पाठ करत बसतंय?"

आजी बांबूच्या बाजेवर पाय लांब करून बसली होती. गुडघा सुजून टम्म. कुंगनं ओळखपत्र मागितलं. त्यावर नाव होतं: नत्थारिका.

"टीव्हीवरच्या नटीसारखं आहे की हो, आजी!"

"हसू नकोस मेले. मागल्या वर्षी बदललं. जुन्या नावातली अक्षरं वाईट होती. देवळातल्या महंतांनी नवं काढून दिलं. खामपून आणि बुआलोयनंपण बदललं. तिघींचा गुडघा एकाच वेळी बिघडला ना."

"महंतांकडे जायला कुणी सांगितलं?"

आजीनं सांगितलं. कुंगनं ते वहीत लिहून घेतलं. मग तिनं तिन्ही आजींना पिकअपमध्ये बसवलं.

चौकशी समितीची बैठक सुरू झाली होती. पकोर्नच्या हातात कुणीतरी पेन दिलं होतं. कुंगनं दार उघडलं आणि तिन्ही आजींना आत आणून खुर्च्यांवर बसवलं.

"अध्यक्ष महाराज, ह्या खामपून, बुआलोय आणि सोमजित. संगणकात ह्या सापडल्या नाहीत, कारण ह्यांनी नावं बदलली. नवं ओळखपत्र घेऊन ह्या रुग्णालयात आल्या आणि खिडकीवरच्या बाईनं जुन्याच नोंदीवर नवं नाव चढवलं. नत्थारिका टाकून बघा. शस्त्रक्रिया, तारीख, सांधा, सगळं निघेल."

अध्यक्षांनी टाकून बघितलं. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"हा योगायोग," आजान म्हणाले. "आपल्याकडे नावं सगळेच बदलतात."

"नशीब फिरलं की बदलतात. ज्यांचे गुडघे बरे झाले, त्यांनी कशाला बदलावीत? म्हणून नेमक्या बिघडलेल्या तीनच नाहीशा झाल्या. पण आजान, सकाळी तुम्ही मला म्हणालात, सोमजितचा गुडघा दुखला असता तर बेडकी आजी दारात आली असती. जी बाई जन्मलीच नाही, तिला घरी बेडकी म्हणतात हे तुम्हांला कुणी सांगितलं? कागदावर ते नाही. पकोर्नला ते ठाऊक नव्हतं."

आजान समोरचे कागद सारखे करू लागले.

"मी सांगते," बेडकी आजी म्हणाली. "दर वेळी मीच सांगायचे, आजान, बेडकी आलेय. गुडघा बघा. ते म्हणायचे, सांधा उत्तम आहे, आजी. नावात खोट असेल. देवळात जाऊन या."

अध्यक्ष कुंगकडे वळले.

"नुसत्या बेपत्ता दाखवल्या असत्या तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"हरवलेल्या रुग्णाला शोधायला आम्ही येतो. जन्मलाच नाही, त्याला कोण शोधणार? साठ हा आकडा ह्यांनी स्वतःच जाहीर केलेला. तो पुसता येईना. मग तीन बायका पुसायच्या ठरल्या. पकोर्न शोधूया म्हणाला, तेव्हा त्यालाही."

"कंपनीला मी शब्द दिला होता," आजान पुटपुटले. "तीनच गुडघे होते हो. साठात तीन."

अध्यक्षांनी पकोर्नच्या पुढ्यातला कबुलीजबाब उचलला आणि आजानसमोर ठेवला. "आता खरं काय ते तुम्ही लिहा."

पकोर्ननं हातातलं पेन खाली ठेवलं. तो आजीच्या खुर्चीपाशी आला, जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आजीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती कुंगकडे बघत होती.

"म्हणजे माझ्या नावात खोट नव्हती?"

"नव्हती, आजी. खोट सांध्यात होती."

"सोमजित आईनं ठेवलं होतं गं," आजी म्हणाली. "जिल्हा कचेरीत जाऊन मी स्वतःच्या हातानं खोडून आले." आणि इतके महिने गुडघ्यासाठी न रडलेली ती म्हातारी सगळ्यांसमोर रडायला लागली.