मेलेल्या जंतूंचा निरोप

काचेच्या बशीत दोन तासांत मरणारे जंतू भूषणदादाच्या पायात अकरा दिवस तग कसे धरतात? जंतू तेच, औषधही तेच! सातवीतल्या ऋजुताला या कोड्यापायी घास गिळवत नव्हता. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड सांडून दादाचा पाय भाजला होता. गुरुवारपर्यंत जखम आटोक्यात आली नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

साल होतं २०५८. ऋजुताची आत्या, डॉ. कुसुमावती, कोल्हापुरात जंतूंचा अभ्यास करायची. तिच्या प्रयोगशाळेत बंद पेटीतले यंत्रहात काम करायचे, आणि ते चालवायला ऋजुता शिकली होती. नियम एकच, वापरलेली काच पुन्हा घ्यायची नाही. पण ऋजुता पडली दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालणाऱ्या आईची लेक! दादाच्या जखमेतले जंतू वाढवलेली एक काच तिने उकळून घेतली आणि गुपचूप नव्या जंतूंसाठी मांडली.

मंगळवारी आत्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ही काच कुणी मांडली गं?"

ऋजुता पुढे आली. "मी. उकळली होती, आत्या. चांगली काच टाकवेना."

"उकळलीस म्हणजे जुने जंतू मेले. मग नवे नेमके जुन्यांच्या सरपटण्याच्या रेघांवरच का दाटलेत? बघ तरी!"

ऋजुताने पाहिलं. शेजारच्या कोऱ्या काचेवर जंतू विखुरलेले होते, इथे मात्र रेघांवर ढीगच्या ढीग. "मेलेल्यांनी काहीतरी मागे ठेवलंय," ती हळूच म्हणाली.

"साखर! चहातली नव्हे हो. साखरेच्या रेणूंची लांब, चिकट साखळी (बहुशर्करा). ती उकळून जात नाही. जंतू सरपटताना ती मागे सोडतो. मागच्याला ती लागली की तो थांबतो आणि स्वतःही तीच जास्त बनवतो. म्हणजे हा संकेतरेणू (निरोप देणारा रेणू) झाला. इथेच थांबा, असा निरोप. थांबता थांबता जाड थर (जैवपटल) जमतो आणि औषध आत पोचत नाही. बशीतले जंतू सुटे पोहत होते, म्हणून मेले."

"मग तो निरोपच पुसू या ना!"

ही साखळी तोडणारं विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) आत्याकडे होतं. दादाची आणि डॉक्टरांची संमती घेऊन त्याच संध्याकाळी जखम आधी विकराने धुतली, मग औषध दिलं.

"शाबासकी मागू नकोस," आत्या म्हणाली. "नियम मोडलास तो मोडलासच." पण तिचा हात ऋजुताच्या पाठीवर होता.

गुरुवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली. त्यांनी जखम सगळ्या बाजूंनी निरखली. "आज पाय काढत नाही," ते अखेर म्हणाले. "आणि हे विकर आणखी आहे का? वॉर्डात अशा सहा जखमा आहेत."

"ऋजे," दादा वैतागून म्हणाला, "पायाला मेली खाज सुटलीय बघ!"

आईने पदर तोंडाला लावला. जखम भरू लागली की खाजते, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.