मेलेल्यांची मतं

रविवारची प्रार्थना आटोपून माणसं युतीच्या मतदानासाठी थेट पक्षाच्या कचेरीत आली होती आणि मी कॉफी गाळत होते. जानेवारीत रोव्हिगोत धुकं असं उतरतं की समोरचं चर्चसुद्धा दिसत नाही. कचेरी खाली, आमचं घर वर. दोन्हींचं भाडं साखर कारखान्याचे मालक भरायचे. शाखेचा चिटणीस म्हणून माझ्या नवऱ्याला, एवारिस्तोला, पगारही तेच द्यायचे. अट एकच होती, शाखेनं राजेशाहीवाल्यांशी युती करायला मत द्यायचं.

विरुद्ध गट आदेल्मोंचा. युद्धाच्या अखेरीस फॅसिस्टांनी सालोत मांडलेल्या सरकारासाठी शेवटपर्यंत लढलेले, त्यात एक हात गमावलेले, आणि त्या हाताचं कौतुक अजून न संपलेले गृहस्थ. कारखानदाराच्या पैशावर थुंकतो म्हणायचे, कॉफी मात्र त्याच पैशाची प्यायचे. ते जिंकले असते तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं.

मतं कमी पडणार हे दिसल्यावर एवारिस्तोनं युद्धात मेलेल्या साथीदारांची वर्गणी भरून त्यांना सभासद करून टाकलं. त्यांच्या वतीनं आमचीच माणसं हात वर करणार होती. मी कपाळावर हात मारला, तर हसून म्हणाला, "अगं, आपल्या पक्षात मेलेला माणूस गैरहजर असतो का कधी?"

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्यात स्मृतिदिनाला मेलेल्याचं नाव पुकारतात आणि सगळे उभे राहून 'हजर' म्हणून ओरडतात. मला त्या ओरडण्याचा मनापासून कंटाळा होता. भुताखेतांना भिणारी बाई मी नव्हे.

पण त्या नावांत त्यानं ओरेस्तेचंही नाव घातलं होतं, तेही मला न विचारता. ओरेस्ते माझा पहिला नवरा. युद्धाच्या शेवटच्या वसंतात पो नदी ओलांडायला गेला, तो परत आला नाही. कोर्टानं त्याला मृत ठरवलं, तेव्हा कुठे माझं दुसरं लग्न लागलं.

आदेल्मोंना वास लागलाच. त्यांनी हजेरी घ्यायचा हट्ट धरला, आणि आमची लाज काढायची म्हणून मेलेल्यांपासूनच सुरुवात केली.

पहिलं नाव पुकारलं मात्र, सवयीनं अख्खी सभा उठली आणि ओरडली. मग हशा पिकला. एवारिस्तो म्हणाला, "ऐकलंत ना? आहेत ते."

दुसऱ्या नावालाही तेच झालं. फक्त आवाज खोलीतल्या माणसांच्या मानानं जास्तच भरदार वाटला.

आदेल्मो लालबुंद झाले. "आता कुणीही तोंड उघडायचं नाही," असं बजावून त्यांनी तिसरं नाव घेतलं.

कुणाचेही ओठ हलले नाहीत. मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडून उत्तर आलं, "हजर."

रेशनच्या रांगेत माणूस 'आलो' म्हणतो, तितकंच साधं. खोलीत ओल्या लोकरीचा आणि नदीच्या चिखलाचा वास पसरला.

चौथं नाव शिंप्याच्या मुलाचं होतं. तो तोतरा होता. उत्तरही तसंच अडखळत आलं.

कुणी हसलं नाही. दारापाशी बसलेले उठून भिंतीला चिकटले. आदेल्मोंना घाम फुटला होता, पण माणूस हट्टी, थांबेना.

"ओरेस्ते गाल्व्हान."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहत होते.

काहीच ऐकू आलं नाही.

बोल रे, मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. बाकीचे बोलले, तसा तूही बोल. एकदा हजर म्हण आणि मला सोड.

आदेल्मोंनी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा शांतता. म्हणजे तो कुठेतरी जिवंत होता, आणि मी त्याची बायको होते.

एवारिस्तो जवळ येऊन उभा राहिला. त्याचा खांदा मला लागला, तेवढाच काय तो धीर वाटला.

आदेल्मो घाईघाईनं जिवंत सभासदांकडे वळले. सुरुवात चिटणिसापासून केली. "एवारिस्तो झाम्बोन."

"हजर."

सिगारेटनं बसलेला, माझ्या रोजच्या ओळखीचा आवाज. आला मात्र मागच्या खुर्च्यांकडून.

मी वळून शेजारी पाहिलं. एवारिस्तोच्या तोंडात कॉफीचा घोट होता. तो त्यानं अजून गिळला नव्हता.