सभासद क्रमांक चारशे बाराचा खुलासा

दहिवलीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक अहवालात, पान अकरावर, असे छापले आहे : ‘नेटवर्क प्रोग्रॅमिंग व वितरित संगणन यांसारख्या अत्याधुनिक विषयांकडे ग्रामीण वाचक मोठ्या संख्येने वळत असून, आपल्या संग्रहातील या विषयावरील ग्रंथास वर्षभरात सेहेचाळीस वाचक लाभले.’

वाक्य सुबक आहे. त्यातले ‘आपल्या संग्रहातील’ एवढे शब्द सोडले तर खरे काहीही नाही. वाचक सेहेचाळीस नव्हते, एक होता. तो विषयाकडे वळला नव्हता, शिडीवरून घसरला होता. आणि त्याला ‘वाचक’ म्हणायचे, तर उल्हास नदीत म्हशी धुणाऱ्याला जलशास्त्रज्ञ म्हणावे लागेल.

ग्रंथपाल हर्षलाने हे वाक्य कच्च्या मसुद्यातच खोडले होते. भिसेगावची ही मुलगी ग्रंथालयशास्त्रात पहिली आलेली. खोट्या आकड्याचा तिला शांत, थंड आणि दीर्घकाळ टिकणारा राग येई. वाचनालयाचे कार्यवाह गजाकाका यांनी ते वाक्य पुन्हा घातले.

“काका, तो एकच माणूस आहे. दर आठवड्याला तेच पुस्तक आणतो, तेच नेतो. संगणक प्रत्येक वेळी नवी नोंद धरतो.”

“संगणक मोजतोय ना? मग तू कशाला मोजत बसतेस गं? आपल्याला अनुदानासाठी अ वर्ग मिळवायचाय.”

त्या एका माणसाचे नाव स्वराज. राहणार चौक, धंदा फार्महाउसांना इंटरनेटच्या तारा ओढून देण्याचा. गेल्या वर्षी एप्रिलात तो वाचनालयाची जोडणी करायला आला. शिडी धरायला सेविका सोनुबाई उभी होती, पण चहावाला दारात दिसला आणि तिने कर्तव्याचा क्रम बदलला. शिडी सरकली. स्वराजने सर्वांत वरची फळी पकडली, आणि आठशे पानांचा एक ग्रंथ हर्षलाच्या पावलापासून वीतभर अंतरावर येऊन आदळला.

“लागलं का?” त्याने वर लोंबकळतच विचारले.

“कोपरा दुमडलाय.”

“पुस्तकाचं नाही... तुमचं विचारतोय.”

तो उतरला. केसांत जळमट, कोपराला चुना. त्याने पुस्तक उचलले, बाहीने पुसले, आणि ते परत देण्याऐवजी हातातच धरून ठेवले.

“हेच शोधत होतो मी.”

“पंख्याजवळ?”

“नेटवर्कचंच काम आहे ना माझं, मॅडम.”

“यात तारा कशा ओढायच्या ते नाही. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं, ते आहे.”

“मग तर—” तो तिच्याकडे पाहून थांबला. “मग तर हवंच.”

सभासद क्रमांक चारशे बारा.

वाचनालयाचा नियम असा की पुस्तक सात दिवसांसाठी मिळते, आणि मुदत वाढवायची तर ते घेऊन जातीने यावे लागते. फोन चालत नाही. या नियमाबद्दल इतर सभासदांनी अनेक तक्रारअर्ज केले आहेत. स्वराजने एकही केला नाही. दर गुरुवारी साडेचारला शिडी बांधलेली मोटारसायकल दारात थांबे. पुस्तक टेबलावर येई, हर्षला तारीख मारी, पुस्तक परत जाई. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत दोघे त्या तारखेकडे पाहात राहत. वास्तविक त्या शाईला वाळायला इतका वेळ लागत नाही.

“येवढं काय असतं गं त्यात?” सोनुबाईने एकदा विचारले.

“अवघड विषय आहे, मावशी. वेळ लागतो.”

“अवघड नाय, काय नाय. तो आणून देयाला मिळावं म्हणून नेतोय. एवढी शिकलीस नि येवढं कळत नाय तुला?”

हर्षलाने ते उडवून लावले, कारण पुराव्याशिवाय काही मानायचे नाही ही तिची शिस्त होती. पुरावा डिसेंबरात मिळाला. तेहतिसाव्या वेळी तिने पुस्तक सहज चाळले, तर सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पाने वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली. आठ महिन्यांत ती पाने कोणीही उघडलेली नव्हती.

“चौथ्या प्रकरणात काय आहे हो?” तिने अगदी गोड आवाजात विचारले.

“नेटवर्क.”

“आणि पाचव्यात?”

“जास्त... नेटवर्क.”

“शेवट कसा होतो?”

“मिळतं,” तो चाचरत म्हणाला. “शेवटी नेटवर्क मिळतं.”

तिने त्याच्यापुढे लोखंडी पट्टी ठेवली. “कापा. इथेच बसून. आणि मोठ्याने वाचा.”

त्या दिवसापासून गुरुवार लांबत गेला. बाहेरच्या खळ्यावरून पेंढ्याचा कोरडा वास येई. तो एकेक ओळ अडखळत वाची. ती अर्थ सांगे, कागदावर दोन चौकोन काढून त्यांच्यामध्ये बाण ओढी.

“हे यंत्र निरोप पाठवतं. उत्तर आलं नाही तर त्याला कळत नाही, की निरोप पोचला नाही, का उत्तर वाटेत हरवलं.”

“का समोरचा मुद्दाम गप्प बसलाय.”

“असं पुस्तकात नाही.”

“नसेल. मग ते काय करतं?”

“पुन्हा पाठवतं.”

“किती वेळा?”

“ठरवलेलं असतं. मग थांबतं, आणि समोर कोणी नाही असं धरतं.”

“पण असेल ना कुणीतरी समोर...”

“असेलही,” हर्षला म्हणाली, आणि तिच्या पेन्सिलीचे टोक विनाकारण मोडले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तो आला नाही. तिने चारदा घड्याळ पाहिले, दोनदा दार, आणि कार्ड क्रमांक चारशे बारा इतक्या वेळा खणातून काढले की सोनुबाईने शेवटी खणालाच कुलूप लावायची तयारी दाखवली. शुक्रवारी तो हाताला बँडेज बांधून उगवला. खांबावरून पडला होता. एका दिवसाचा उशीर झाला म्हणून हर्षलाने त्याला नियमांचे पूर्ण कलम वाचून दाखवले. वाचताना तिचा आवाज दोन ठिकाणी हलला.

मे महिन्यात अहवाल वाचून सरकारी तपासणीस आला. सेहेचाळीस वाचकांची यादी त्याने मागितली आणि त्याला एकच नाव सेहेचाळीस वेळा मिळाले. त्याने पुस्तक मागवले. जोडलेली पाने अलीकडेच कापल्याच्या कडा त्याने बोटाने चाचपल्या आणि निष्कर्ष काढला : पुस्तक कपाटातच पडून होते, नोंदी बनावट आहेत, तपासणीच्या आधी पाने घाईने कापली आहेत. तर्क निर्दोष होता, फक्त चुकीचा. आठ दिवसांत सभासदाचा लेखी खुलासा आला नाही तर ग्रंथपालाची नेमणूक रद्द, अशी नोटीस त्याने दिली.

“मी तर तेव्हाच म्हणत होतो,” गजाकाका म्हणाले, “की आकडे नीट तपासून घे.”

हर्षलाने त्यांच्याकडे फक्त पाहिले. ते पाणी प्यायला गेले.

गुरुवारी स्वराज द्रोणभर करवंदे घेऊन आला. तिने नोटीस त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. हल्ली त्याला तशी सवय लागली होती.

“तुमची नोकरी जाईल?”

“जाईल.”

“मग लिहितो ना. सगळं पुस्तक वाचलं म्हणून लिहितो.”

“खोटं लिहायचं नाही.”

“मॅडम, थोडंसं...”

“खोट्या आकड्यानेच ही वेळ आणलीय. मला नोकरी हवी आहे, पण त्या किमतीला नको.”

त्याने एक करवंद उचलले, परत ठेवले.

“खरं लिहिलं तर ते तुमच्या फायलीत राहील. कायमचं.”

“आवक क्रमांक पडेल त्यावर,” हर्षला म्हणाली. तिचे कान तापले होते. “तारीखही पडेल.”

“गजाकाका वाचतील.”

“वाचू द्यात.”

“तुम्ही वाचाल...”

“मी आधी वाचेन,” ती म्हणाली. “लिहा.”

सोनुबाईने दार लोटून घेतले आणि बाहेर पायरीवर बसून आलेल्या दोन सभासदांना आज शिल्लकमोजणी असल्याचे सांगितले. तो कागद आवक क्रमांक सतराने नोंदला गेला. तपासणीसाने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि नोटीस मागे घेतली. अहवालातले पान अकरा मात्र दुरुस्त करायला लावले. मूळ कागद वाचनालयाच्या फायलीत आहे. त्यातील मजकूर शब्दशः असा :

‘मी, सभासद क्रमांक ४१२, राहणार चौक, तालुका खालापूर, लिहून देतो की सेहेचाळीसच्या सेहेचाळीस नोंदी खऱ्या आहेत. प्रत्येक वेळी मी स्वतः आलो व पुस्तक स्वतः नेले. पहिल्या तेहतीस वेळा ते मी उघडले नाही. ते हत्यारांच्या पिशवीत असायचे. त्यानंतर वाचले, कारण मॅडम प्रश्न विचारायच्या. सध्या पान एकशे चाळीसवर आहे. एवढे जाड पुस्तक आठवड्यात संपले नाही तर कोणी संशय घेणार नाही, म्हणून मी तेच धरून ठेवले. मॅडमनी एकही खोटी नोंद केलेली नाही. खोटेपणा माझा आहे. मला पुस्तक नको होते, मला त्या दर गुरुवारी दिसायला हव्या होत्या. इथवर लिहिले आणि माझे पेन बंद पडले. पुढचे त्यांच्या पेनाने लिहीत आहे. मी मागितले नव्हते, त्यांनी आपणहून दिले.’